एस्तेरबाई आणि विहिरीचं कुलूप

आमच्या चर्चच्या विहिरीवर पंचांनी संगमरवरी पाटी बसवली आहे. ‘प्रभूमध्ये निजलेल्या एस्तेरबाई यांच्या प्रेमळ स्मरणार्थ ही विहीर सर्वांसाठी खुली.’ खाली पाचही पंचांची नावं, सोनेरी अक्षरांत. पाटी बसवली त्या रविवारी फीत कापली, फोटो निघाले, पेढे वाटले. मी पेढा घेतला नाही. कुणी विचारलं तर शुगर आहे म्हणून सांगितलं. पाटीवर पहिलं नाव आमच्या मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. त्यांना खरंच शुगर आहे, पण त्यांनी पेढा घेतला.

प्रेमळ म्हणे! एस्तेरबाई जिवंत असताना यांतल्या एकाच्याही तोंडून त्यांच्याबद्दल हा शब्द मी ऐकला नाही. भांडखोर म्हणायचे, तोंडाळ म्हणायचे, मंडळीचा डोक्याला ताप म्हणायचे. आता त्या गेल्या, उलटून बोलायच्या राहिल्या नाहीत, तेव्हा प्रेमळ झाल्या. त्या पाटीसमोरून मला रोज हंडा घेऊन जावं लागतं आणि रोज माझं डोकं फिरतं. म्हणून हे लिहायला बसले.

आमची ख्रिस्ती वस्ती आळेफाट्यापासून सायकलने जाण्यासारखी. गावाचं नाव लिहीत नाही, घरात भांडणं नकोत. वीसेक घरं, छोटं चर्च, चर्चला दगडी कंपाउंड आणि कंपाउंडच्या आत विहीर. मी मूळची नगरकडची. नव्वदच्या सुमाराला या वस्तीत सून म्हणून आले. मामा तेव्हा मंडळीचे मुख्य पंच होते, आणि मंडळी म्हणजे आमच्यात चर्चची माणसं, बायको नव्हे. हे एवढ्यासाठी सांगायचं की शाळेतल्या माझ्या मैत्रिणी मामा ‘मंडळी सांभाळतात’ म्हटलं की हसायच्या.

एस्तेरबाई वस्तीच्या टोकाच्या घरात एकट्या राहायच्या आणि आळेफाट्यावर खानावळ चालवायच्या. पत्र्याची शेड, दोन लांब बाक, चूल आणि एक स्टोव्ह. बुटकी, रुंद बाई, पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की नाशिकच्या रस्त्यावर हॉर्न वाजत असताना पलीकडच्या गॅरेजमधल्या माणसाला जेवायला हाक मारली तर तो स्पॅनर टाकून यायचा. ट्रकवाले सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्यांचा नवराही ट्रकवर ड्रायव्हर होता. माळशेज घाटात गाडी दरीत गेली आणि तो गेला. त्या हे एका वाक्यात सांगायच्या आणि लगेच म्हणायच्या, “झालं. पुढचं ताट.”

‘पुढचं ताट’ हे त्यांचं कायमचं बोलणं होतं. ग्लास फुटला, पुढचं ताट. कालवण करपलं, पुढचं ताट. कुणी जेवून न सांगता पळून गेला, पुढचं ताट. मी नवीन नवीन असताना माहेरच्या आठवणीने त्यांच्या ओट्यावर बसून रडले होते. त्यांनी मला मनसोक्त रडू दिलं, मग म्हणाल्या, “झालं का रडून? मग चहा ठेव. पुढचं ताट.” मला तेव्हा राग आला होता. केवढ्या कोरड्या मनाची बाई, असं वाटलं होतं. पुढे कळलं, की कल्याणला बहिणीकडे जायचं असलं तरी त्या कधी घाटाच्या एसटीत बसल्या नाहीत. पुण्यावरून वळसा घालून, गाड्या बदलत जायच्या. दिवस मोडायचा, पण घाटात पाऊल टाकलं नाही.

खानावळीतला त्यांचा नियम म्हणजे जेवणाआधी आभार. ताटं वाढून झाली की त्या चुलीपाशी उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि मोठ्याने सुरू करायच्या. बाकावर मालेगावचा मुसलमान असो, पंजाबचा सरदार असो, की आपला नारायणगावचा टोमॅटोवाला असो, सगळे हात मांडीवर ठेवून गप्प. पोटात आग पडलेली, समोर वाफ निघणारी भाकरी, पण मावशीचं आमेन होईस्तोवर कुणाची बिशाद नव्हती. प्रार्थना तरी कशी? निमगाव साव्याहून आलेली बाजरी चांगली निघाली, एक खडा नाही, उपकार देवा. या पोराच्या गाडीचा ब्रेक उतारावर लागला, उपकार. गिरणीवालीच्या पोरीचा ताप उतरला, उपकार. रॉकेल मात्र आज पण मिळालेलं नाही, ते तू बघ, मी किती वेळा सांगायचं?

एकदा एक नवा ड्रायव्हर प्रार्थनेआधीच घास मोडून बसला. एस्तेरबाईंनी त्याच्यापुढचं ताट उचललं. तो भडकला. पैसे देणार आहे, फुकट जेवत नाही, असं काहीतरी बोलला. त्यावर त्यांनी शांतपणे बाजरी कुणाच्या रानातली, दळली कुणी, पाणी कुणी भरलं, लाकडं कुणी फोडली, सगळं नावानिशी सांगितलं. इतकी माणसं राबली तेव्हा हे ताट झालं, आणि तुला दोन मिनिटं दम निघत नाही? मग ताट त्याच्यापुढे आदळलं आणि म्हणाल्या, आता लवकर खा आणि बाक मोकळा कर. तो माणूस पुढे वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जेवायचा.

नावं घ्यायचा हा त्यांचा हट्ट चर्चमध्येही चालायचा, आणि तिथे तो कुणाला सोसायचा नाही. आमच्याकडे बुधवारी घरोघर प्रार्थना असायची. एका बुधवारी मामा प्रार्थना करत होते. मामांचा आवाज घुमारदार, शब्द पुस्तकी. “हे दयाळू पित्या, तू दिलेल्या सर्व आशीर्वादांबद्दल आम्ही तुझी उपकारस्तुती करतो,” असं म्हणून त्यांनी दम घेतला, तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनी एस्तेरबाईंनी विचारलं, “कुठले?”

मामा थांबले. म्हणाले, “सर्व.”

“सर्व म्हंजी कुठले, दादा? बाजारात जाऊन सर्व भाजी द्या म्हणता का?”

बायकांनी पदर तोंडाला लावले. मामांनी एक डोळा उघडून पाहिलं, आणि मग बिचाऱ्यांनी आमच्या म्हशीला झालेली रेडी, माझ्या नवऱ्याला लागलेली नोकरी, असं काहीबाही आठवून आठवून प्रार्थना संपवली. त्यानंतर दर बुधवारी दुपारी ते मला विचारायचे, “सूनबाई, या आठवड्यात आपल्याकडं काय काय चांगलं झालं गं?” मी सांगायचे, ते पुटपुटत पाठ करायचे. खोटं कशाला सांगू, त्या बुधवारांमुळेच घरात काय चांगलं चाललंय ते आम्हाला कळायला लागलं.

पण त्यांना कुणी साध्वी वगैरे समजू नये. रागीट होत्या, आणि राग धरून ठेवायच्या. खानावळीशेजारच्या हॉटेलवाल्याने तक्रार करून त्यांची शेड उठवली होती. पत्रे, बाक, चूल, सगळं उचलून रस्त्याकडेला टाकलं. एस्तेरबाई भर चौकात त्याला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेड त्यांनी मागच्या बाजूला परत उभी केली. काही महिन्यांनी त्या हॉटेलवाल्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं, ती पुण्याला दवाखान्यात, आणि हा मोठा हॉटेलवाला घरी म्हाताऱ्या आईला घेऊन उपाशी, कारण आईला हॉटेलचं तिखट चालत नव्हतं. एस्तेरबाईंनी रोज डबा पाठवायला सुरुवात केली. मऊ भात, बिनतिखटाचं वरण. डबा नेणाऱ्याजवळ निरोप एकच असायचा, “त्याला सांग, मी अजून रागावलेली हाय. डबा येगळा, राग येगळा.”

मी विचारलं, मग पाठवता कशाला? म्हणाल्या, प्रीती करा म्हणून सांगितलंय, आवडून घ्या म्हणून कुठे सांगितलंय? तो माणूस एकदाही तोंडाने काही बोलला नाही. शेवटच्या दिवशी डबा मात्र घासून, पुसून पाठवला. एस्तेरबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, बरं आहे, शिकेल हळूहळू.

आता विहिरीचं सांगते.

आमच्या आजे-सासऱ्यांच्या काळात गावची विहीर आमच्या लोकांना बंद होती. बायकांनी लांब उभं राहायचं, कुणी दया येऊन वरून ओतलं तर हंडा भरायचा, नाहीतर ओढ्याला जायचं. मग मिशनच्या साहेबांनी जागा घेतली, आपल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी खोदलं आणि ही विहीर झाली. पहिलं पाणी लागलं तेव्हा म्हातारे-कोतारे त्या चिखलात बसून रडले म्हणतात. आमच्यात दिवाळीनंतर कापणीचा सण असतो. शेतात पिकलेलं पहिलं काही ना काही प्रत्येकाने चर्चमध्ये आणायचं. बाजरीची कणसं, कांदे, भोपळा, कोंबडी, अंडी. वेदीच्या दोन्ही बाजूंना ऊस बांधायचा. आणि साक्ष द्यायच्या वेळी, म्हणजे देवाने केलेलं चांगलं सगळ्यांपुढे सांगायच्या वेळी, मामांनी उठून ही विहिरीची गोष्ट सांगायची. दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी त्यांचा गळा दाटून यायचा. खोटा नाही, खरा दाटून यायचा. हेच तर मला आजवर कळलेलं नाही.

कारण नव्वदीच्या मधल्या एका वर्षी, कापणीच्या सणाच्या आठवड्यातच, याच मामांनी विहिरीच्या फाटकाला कुलूप घातलं.

कुलूप ऊसतोडीच्या लोकांसाठी होतं. दर हंगामात चर्चला लागून असलेल्या रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडायच्या. पाचटाच्या, गुडघ्यावर बसून आत शिरावं लागेल एवढ्याच उंचीच्या. नवरा-बायको मिळून पहाटेपासून ऊस तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाड्या भरायच्या, त्या कारखान्याला जायच्या. त्यांच्या बायका आमच्या विहिरीवर पाणी भरायच्या. मागच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली होती, हे खरं. वस्तीतल्या बायकांना पाण्यासाठी वणवण झाली, हेही खरं, मीही त्यात होते. पंचांनी बैठक घेतली आणि ठरवलं की बाहेरच्यांना पाणी बंद. किल्ली मामांच्या खिशात.

सणाच्या सकाळी मी चर्चमध्ये पेटी वाजवायला बसले होते. खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसायची. भिंतीला टेकून त्या बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आत प्रार्थना चालली आहे म्हणून फाटक बंद आहे, संपली की कुणीतरी उघडेल. कुणी भांडत नव्हतं. वाट बघत होत्या.

आत मामा साक्षीला उठले. गावची बंद विहीर, लांब उभ्या राहिलेल्या आया-बहिणी, दया येईस्तोवर थांबायचं, सगळं सांगितलं. लोकांनी आमेन म्हटलं. मामा बसले आणि एस्तेरबाई उठल्या.

“दादा, तुमी नावं घेतली न्हाईत,” त्या म्हणाल्या. “हा ऊस बांधलाय, तुमच्या रानातला. तोडला कुणी? द्वारकानं तोडला, सिंधूनं तोडला, मंदानं पोटुशी असताना तोडला. त्या भायेर बसल्यात. विहीर देवानं दिली म्हणता. मग कुलूप कुणी दिलं?”

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, बाई, बसून घ्या, ही वेळ नव्हे. एस्तेरबाईंनी मामांपुढे जाऊन हात पसरला, किल्ली मागितली. मामांनी मान खाली घातली, पण किल्ली दिली नाही. मग त्या बाहेर गेल्या. मांडवाच्या खुंट्या ठोकायला आणलेला घण भिंतीपाशी पडला होता. पाळकांनी मला घाईने गाणं सुरू करायची खूण केली. आम्ही सगळे मोठमोठ्याने गायला लागलो, आणि बाहेरून कुलपावर घण बसत होता. तालात बसत नव्हता म्हणून माझी पेटी दोनदा चुकली. कुलूप तुटलं तेव्हा आम्ही देवाच्या अपार दयेचं कडवं गात होतो. आठवलं की आजही कानशिलं तापतात.

त्या दिवशी त्या बायकांनी पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी मोठं कुलूप आलं. आणि त्या आठवड्यात पंचांनी एस्तेरबाईंना शिस्तीखाली घातलं.

शिस्त म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. बाहेरच्याला त्यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्या माणसाला त्यापासून दूर ठेवणं म्हणजे घरातल्या माणसाला पंगतीतून उठवणं. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला, दुसरी बाई ठेवणाऱ्याला शिस्त लागते. ती सुटायची तर सगळ्या मंडळीपुढे उभं राहून चूक कबूल करायची. एस्तेरबाईंनी कबूल करायचं होतं की त्यांनी प्रभूच्या घराची मालमत्ता तोडली. त्यांनी पंचांना तिथल्या तिथे सांगितलं की तोडली ती तोडली, पण चूक केली असं खोटं बोलून मी प्रभूच्या मेजाला येणार नाही.

आणि मग हे वर्षानुवर्षं चाललं. दिवाळीला कुलूप लागायचं, होळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या परत गेल्या की निघायचं. एस्तेरबाईंनी खानावळीतले गोडेतेलाचे रिकामे डबे धुऊन घेतले. आळेफाट्यावर नळाला पाणी आलं की ते भरायच्या, आणि आमच्या रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही ट्रकवर चढवायच्या. ड्रायव्हर कोप्यांपाशी गाडी उभी करून डबे उतरवायचे. नको म्हणायची सोय नव्हती, जेवण बंद झालं असतं. आम्ही आमच्या भरलेल्या विहिरीच्या काठावरून ते बघायचो. मामा तेव्हा घरात जाऊन बसायचे.

चर्चला त्या दर रविवारी यायच्या. मागच्या बाकावर, दाराशी. पहिल्या रविवारी तर उपाशी यायच्या, प्रभुभोजन घेणारे जसे येतात तशा. त्यांना मिळणार नाही हे माहीत असून चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. मेजावरचं पांढरं फडकं पाळक काढायचे तेव्हा त्या उठून बाहेर जायच्या, आणि मी पेटीवरून बघायचे, दाराबाहेर पायरीवर आत तोंड करून बसायच्या. त्यांच्या जागेवर मी असते तर दुसरं चर्च धरलं असतं. आळेफाट्यावर नव्या प्रार्थनासभा निघाल्या होत्या, ते लोक त्यांना बोलवून थकले. पण त्या म्हणायच्या, माझी माणसं ही, मी भांडेन ते यांच्याशीच.

मामांनाही ते सोसत नव्हतं, हे मला माहीत आहे. एकदा ते स्वतः खानावळीत गेले. मला बरोबर नेलं. म्हणाले, बाई, चूक कबूल करू नका, नुसतं म्हणा की कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा, एवढ्यावर मी सगळं मिटवतो. एस्तेरबाईंनी आधी ताट वाढलं. मग चुलीपाशी उभ्या राहून डोळे मिटले.

“देवा, दादा आलेत, उपकार. माझा मालक गेला तवा यांनी सवता कुदळ घेऊन खड्डा खणला, पावसात, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई, उपकार. माझ्या घराचं छप्पर उडालं तवा पत्रे यांनी दिले, उपकार. माणूस चांगला हाय देवा, त्यानंच तर मला राग येतो. आमेन.”

एस्तेरबाईंनी त्यांना आग्रह करकरून जेवायला घातलं, पण ते एक वाक्य काही म्हटलं नाही. परत येताना मला मागे बसवून मामांनी सायकल एकदाही न थांबवता घरापर्यंत आणली. रात्री जेवले नाहीत. आणि कुलूपही काढलं नाही. पंचांनी मिळून ठरवलेलं एकट्याने कसं मोडायचं, हा त्यांचा प्रश्न. चांगली माणसं किती क्षुल्लक गोष्टीला अडकून बसतात, हे मी माझ्याच घरात बघितलं.

कुलूप निघालं ते कसं, तेही सांगते, कारण पाटीवर तेही खोटं आहे. एस्तेरबाई गेल्या त्या दिवशी आळेफाट्यापासून आमच्या वस्तीपर्यंत रस्त्याच्या कडेला ट्रक लागले. तोडीवाले कोयते टाकून आले. तो हॉटेलवाला आला, त्याची म्हातारी आई आली. एवढ्या माणसांना पाणी पाजायचं कुठून? तेव्हा मामांनी फाटक उघडलं. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, लावायचं का परत? मामा म्हणाले, राहू दे. बस, एवढंच. कुणाच्या स्मरणार्थ वगैरे काही नाही. गरज पडली म्हणून उघडलं आणि लाज वाटली म्हणून लावलं नाही. पाटीची कल्पना त्यानंतर दोन वर्षांनी कुणाला तरी सुचली.

पण एस्तेरबाई म्हटलं की मला आठवते ती त्या जाण्याच्या आधीची एक दुपार. नवे पाळक आले होते, तरुण, पहिलीच नेमणूक. त्यांना कळलं की वस्तीतली एक म्हातारी मरणाला टेकली आहे आणि तिला कित्येक वर्षं प्रभुभोजन दिलेलं नाही. त्यांनी पंचांशी भांडून शिस्त उठवली. कबुली नको, माफी नको, आजारी आहे म्हणून मोकळं करा. पंचांनाही तेच हवं होतं. पाळक पांढऱ्या फडक्याखाली भाकर आणि प्याला घेऊन निघाले. मंडळीतर्फे मामा, आणि सोबतीला मी.

एस्तेरबाई खाटेवर होत्या. त्या रुंद बाईचं पार पाप्याचं पितर झालं होतं. पाळकांच्या हातातलं पांढरं फडकं दिसलं तशा त्या उठायला धडपडल्या. मला म्हणाल्या, केस बांध माझे, धुतलेलं लुगडं काढ. मी ते त्यांच्या अंगावर नुसतं घातलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्यांनी. कुणीतरी आधी सांगितलं असावं. पाळकांनी प्रार्थना केली, भाकर मोडली आणि तुकडा पुढे केला. एस्तेरबाईंनी दोन्ही हात ओंजळीसारखे धरले. तुकडा ओंजळीत पडायच्या आधी त्यांनी विचारलं, “कुलूप निघालं का?”

पाळकांना काही कळलं नाही. त्यांना एवढंच सांगितलेलं होतं की बाईंनी भांडणात चर्चची काही मोडतोड केली होती. त्यांनी मामांकडे पाहिलं. दिवस संक्रांतीचे होते. रानात ऊस उभा होता, कोप्या भरलेल्या होत्या.

मामा म्हणाले, “बाई, शिस्त उठवली तुमची. माफी बी मागायची न्हाई. आता कशाला ते?”

“माझी उठली,” एस्तेरबाई म्हणाल्या. “त्यांची कवा उठणार?”

“आधी घ्या तर खरं. मंग बघू.”

एस्तेरबाई त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मामांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. किल्ली तिथेच असायची, मी रोज सदरा धुवायला टाकताना काढून ठेवायचे. मी त्या हाताकडे बघत होते. देवा, आता काढू दे, असं मनात म्हणत होते. हात खिशावर तसाच राहिला.

“मला लई भूक लागलीय, दादा,” एस्तेरबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. मग त्यांनी ओंजळ सोडली, हात पांघरुणाखाली घेतले आणि पाळकांना म्हणाल्या, “झाका ते.”

पाळकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तुकडा परत ठेवला. एस्तेरबाईंनी त्यांची समजूत घातली. तुमच्यावर राग नाही म्हणाल्या. उन्हातून पायी आलात, माझ्यासाठी भांडलात, भाकर ताजी आणलीत, देवाचे उपकार आहेत. त्या उपकारांत मामांचं नाव घेतलं नाही. मामा आधी बाहेर पडले, त्यांच्यामागे पाळक, मग मी. उंबऱ्यातून मी मागे वळून पाहिलं. एस्तेरबाई कोपरावर भार देऊन अर्धवट उठल्या होत्या आणि गल्लीतून दूर जाणाऱ्या त्या पांढऱ्या फडक्याकडे बघत होत्या. ते चर्चच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनासं झालं तेव्हा कुठे त्या आडव्या झाल्या.